‘ब्रिटिश पासपोर्ट असला की स्पेनमध्ये राजासारखं राहता येतं’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, आधी मिरजेच्या शाळेच्या, मग सासरच्या, मग इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळींच्या. मजकूर थोडक्यात असा: ब्रिटिश पासपोर्ट मिळाला की जग आपलं. इंग्रज लोक स्पेनला जाऊन पेन्शनवर राजासारखे राहतात, व्हिला स्वस्तात मिळतो, पैसे कमी पडले तर इंग्रजीवर काम मिळतं, टॅक्स नाही, दवाखाना फुकट, कंटाळा आला की परत. म्हणून त्यांना एक्सपॅट, म्हणजे आपल्या मर्जीने परदेशी राहणारे, म्हणतात आणि आपल्याला इमिग्रंट.

मी सोडून दिलं असतं, पण लंडनजवळच्या स्लाव शहरातून मावसभावाचा फोन आला, "ताई, आपल्याकडेपण तोच पासपोर्ट आहे की, घर विकायला काढू का?" तो 52 वर्षांचा आहे, घराचे हप्ते फेडून आत्ता कुठे मोकळा झालाय. त्याच्यासारखे अजून कितीजण हा मेसेज वाचून हिशोब मांडत बसले असतील म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

मी 2019 च्या सुरुवातीला लेस्टरहून स्पेनमध्ये तोर्रेविएखाला आले, आलिकांतेच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव आहे. चार वर्षं एका हेस्तोरियात काम केलं, म्हणजे लोकांचे परमिट, टॅक्स, गाडीचे कागद करून देणारं ऑफिस, आणि आता तेच काम स्वतःचं करते. माझी बहुतेक गिऱ्हाईकं ब्रिटिश, त्यांच्या फायली रोज माझ्या टेबलावर असतात.

पहिला मुद्दा, पासपोर्ट असला की कुठेही राहता येतं. हे 31 डिसेंबर 2020 पर्यंत, म्हणजे ब्रेक्झिट (ब्रिटनचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं) पूर्ण लागू होईपर्यंत, युरोपपुरतं खरं होतं. तोपर्यंत ब्रिटिश माणूस सामान घेऊन यायचा, नाव नोंदवायचा, दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा, आम्हीपण असेच आलो. त्या तारखेआधी जे इथे राहत होते त्यांचे हक्क ब्रेक्झिटच्या करारात राखले गेले. फॉरवर्डमध्ये जे बाल्कनीतले हसरे फोटो असतात ना, ते बहुतेक या लोकांचे. आज नव्याने येणाऱ्या ब्रिटिश माणसाला 180 दिवसांत फक्त 90 दिवस राहता येतं, आणि ऑक्टोबर 2025 पासून विमानतळावर बोटांचे ठसे घेऊन कॉम्प्युटरच दिवस मोजायला लागलाय, त्यामुळे शिक्का पुसट आहे वगैरे सांगून चालत नाही. जास्त राहायचं तर व्हिसा, आणि तो आपल्याला भारतीय पासपोर्टवर काढावा लागायचा तसाच, बँक स्टेटमेंट, पोलिसांचा दाखला, मेडिकल, सगळ्याची स्पॅनिश भाषांतरं. पाच लाख युरोचं घर घेतलं की व्हिसा मिळायचा तीही सोय एप्रिल 2025 मध्ये बंद झाली.

दुसरा मुद्दा पेन्शनचा, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

काम न करता राहायचं तर जो व्हिसा लागतो त्याला एका माणसाला वर्षाला 28,800 युरो दाखवावे लागतात, सोबत बायको किंवा नवरा असेल तर आणखी 7,200. म्हणजे जोडप्याला 36,000. आता 2025-26 चं ब्रिटनचं पूर्ण स्टेट पेन्शन किती, तर आठवड्याला 230 पौंड 25 पेन्स, वर्षाचे बारा हजार पौंडांना थोडे कमी. पौंडाला 1.15 युरो धरला तर साधारण 13,800 युरो. नवराबायको दोघांनाही पूर्ण पेन्शन असलं तरी 27,600 होतात, म्हणजे आयुष्यभर काम केलेल्या जोडप्याला नुसत्या सरकारी पेन्शनवर हा व्हिसा मिळतच नाही! कंपनीचं पेन्शन, घरभाडं किंवा बँकेत तेवढी शिल्लक असं काहीतरी वरून दाखवावं लागतं.

आणि पूर्ण पेन्शन मिळायला 35 वर्षं नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे कमाईतून जाणारी सरकारी वर्गणी, भरलेला लागतो. आपल्यातले बरेच जण तिशी-पस्तिशीत ब्रिटनला गेले, त्यांची 35 भरणार कधी? माझा हा मावसभाऊ 2006 ला तिकडे गेला. मी त्याला ऑनलाइन रेकॉर्ड काढायला लावलं, 19 वर्षं निघाली. आज काम सोडलं आणि पुढे काहीच भरलं नाही तर 2025-26 च्या दराने आठवड्याला 125 पौंड, तेही 67 व्या वर्षी. मधली 15 वर्षं काय खाणार? घराचे पैसे. आणि या व्हिशावर काम करायला बंदी आहे, ब्रिटनमधल्या कंपनीचं काम घरी बसून करायलासुद्धा.

वर पौंडाच्या भावाचं आहेच. 2007 मध्ये पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळायचा, 2008 संपता संपता तो एक युरोच्या अगदी जवळ आला. पेन्शन तेवढंच आणि हातात पडणारे पैसे दोन वर्षांत एक तृतीयांश कमी. त्या काळात इथून परत गेलेल्यांच्या गोष्टी जुने लोक अजून सांगतात.

याच मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, स्पेन कशाला, पेन्शन घेऊन पुण्यालाच जाऊ. जा की, पण हे माहीत असू दे की स्पेनमध्ये ब्रिटिश पेन्शन दरवर्षी वाढतं, भारतात वाढत नाही. ज्या दिवशी भारतात घ्यायला लागाल त्या आकड्यावर ते गोठतं. ऑस्ट्रेलिया, कॅनडातपण हेच. 2010 मध्ये जुनं बेसिक पेन्शन आठवड्याला 97 पौंड 65 पेन्स होतं, तेव्हा ते पूर्ण घेऊन पुण्यात राहायला आलेल्या माणसाला आजही 97.65 च येतात, आणि त्याच वयाच्या लेस्टरमधल्या शेजाऱ्याला 2025-26 मध्ये 176.45. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध लोक वर्षानुवर्षं भांडतायत, पण नियम आजही तोच आहे.

व्हिला स्वस्त हा मुद्दा पटकन संपवते. वेरा नावाच्या गावात जानेवारी 2008 मध्ये एका ब्रिटिश जोडप्याचं घर बुलडोझरने पाडलं. त्यांच्याकडे नगरपालिकेची परवानगी होती, पण वरच्या प्रांतिक सरकारने ती बेकायदा ठरवली होती. तेव्हापासून मी तरी प्रत्येकाला सांगते, विकणाऱ्याने सुचवलेला वकील घेऊ नका, आपला शोधा. आणि स्वस्त घरात थंडी असते. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, फरशी संगमरवराची, जानेवारीत घरात 13 डिग्री, बाहेर उन्हात 17. मग केशरी रंगाचं बुटानोचं सिलिंडर चाकाच्या हीटरमध्ये घालून ते या खोलीतून त्या खोलीत ओढत फिरायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नाही, सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवताना हात भरून येतात.

आता काम. ‘इंग्रजीवर काम मिळतं’ असं म्हणणाऱ्याला मी एक शनिवार माझ्याबरोबर काढायला सांगेन. इथे ब्रिटिश लोक पोट कशावर भरतात ते बघा: स्विमिंग पूल साफ करणं, एसी आणि वायरिंगची कामं, बार, कुत्री सांभाळणं, विमानतळावर सोडणं-आणणं, आणि किल्ल्या सांभाळणं. हे शेवटचं म्हणजे सुट्टीच्या घरांच्या चाव्या आपल्याकडे ठेवायच्या, एक पाहुणा दहाला गेला की दुसरा चारला यायच्या आत घर तयार करून द्यायचं. माझी एक क्लाएंट आहे, ब्रिटनमध्ये शाळेत हेड क्लार्क होती, ती उन्हाळ्यात शनिवारी पाच-पाच घरं करते. चादरींचे गठ्ठे गाडीत कोंबलेले, बादलीत क्लोरीनच्या गोळ्या, गळ्यात चाव्यांचा जुडगा आणि प्रत्येक चावीला रंगीत टेप, कारण घामाने नंबर पुसून जातात. ऑक्टोबरनंतर यातली निम्मी घरं बंद, उत्पन्नही निम्मं.

आणि हे सगळं ऑटोनोमो म्हणून करायचं, म्हणजे स्वयंरोजगारवाला. दर महिन्याला सोशल सिक्युरिटीचा हप्ता, पहिल्या वर्षी सवलतीत साधारण 80 युरो, नंतर कमाईप्रमाणे 200 पासून वर. एखाद्या महिन्यात काहीच मिळालं नाही तरी हप्ता चुकत नाही. दर तीन महिन्यांनी इन्कम टॅक्सचा आगाऊ हप्ता आणि 21 टक्के व्हॅटचा हिशोब. ब्रिटनमध्ये छोट्या धंद्याला 90,000 पौंडांपर्यंत व्हॅट लावावा लागत नाही, इथे पहिल्या पावतीपासून. आलेले लोक माझ्यासमोर बसून हा एक आकडा दोनदा विचारतात.

हे झालं 2020 संपायच्या आधीपासून इथे राहणाऱ्या जुन्यांचं. नवीन येणाऱ्याला असा धंदा करायचा तर आधी वर्क परमिट, नोकरी करायची तर मालकाला दाखवावं लागतं की या कामाला इथलं माणूस मिळत नाही. बाहेरच्या कंपनीसाठी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना 2023 पासून डिजिटल नोमॅड व्हिसा आहे, तो चांगला आहे, आयटीवाल्यांनी जरूर बघावा, पण त्यात स्पेनमधल्या गिऱ्हाइकांचं काम 20 टक्क्यांवर जाऊन चालत नाही. म्हणजे ‘कमी पडलं तर बारमध्ये काम करू’ हा मार्ग कायद्याने जवळपास बंदच आहे.

एक प्रसंग सांगते म्हणजे पासपोर्टची ताकद कळेल. ब्रेक्झिटनंतर गाडीच्या लायसन्सचा करार वेळेत झाला नाही आणि 1 मे 2022 पासून इथे राहणाऱ्यांची ब्रिटिश लायसन्स चालेनाशी झाली. करार झाला 16 मार्च 2023 ला. साडेदहा महिने! माझा एक क्लाएंट इलेक्ट्रिशियन, तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, व्हॅन दारात उभी आणि हा बसने टूलबॉक्स घेऊन जातोय. लांबच्या वस्त्यांवर बस जात नाही, ती कामं गेली. शेवटी स्पॅनिशमध्ये थिअरीची परीक्षा द्यायची म्हणून रात्री प्रश्नांचं पुस्तक घेऊन माझ्याकडे यायचा, ‘पुढे वळण आहे’ आणि ‘पुढे उतार आहे’ मधला फरक पाठ करायला. साठीतला माणूस, डोळ्यात पाणी होतं त्याच्या. त्याला जाऊन सांगेल का कोणी की तू एक्सपॅट आहेस, तुझी मजा आहे?

टॅक्स नाही हे तर साफ खोटं. वर्षात 183 दिवसांपेक्षा जास्त इथे राहिलात की तुम्ही स्पेनचे टॅक्स रेसिडेंट, जगभरच्या कमाईवर टॅक्स इथे. ब्रिटनमध्ये आयसा नावाच्या बचत खात्यातलं व्याज करमुक्त असतं, इथे नसतं. खाजगी पेन्शनमधली 25 टक्के रक्कम तिकडे एकरकमी बिनटॅक्सची काढता येते, इथे राहायला आल्यावर काढली तर टॅक्स लागतो, म्हणून निघायच्या आधी हिशोबनिसाला भेटा, नंतर भेटून उपयोग नसतो. परदेशातली कुठल्याही एका प्रकारची मालमत्ता (बँक खाती, गुंतवणूक किंवा घरं) 50,000 युरोच्या वर असेल तर तिचं वेगळं विवरण भरायचं. दुबईत पगारावर टॅक्स नाही हे खरं, मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक दुबई आणि स्पेन एकत्र केलंय.

दवाखाना. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, पासपोर्टवर मिळत नाही, ब्रिटनमध्ये राहण्यावर मिळते. स्टेट पेन्शन सुरू झालं की ब्रिटन एस-वन नावाच्या फॉर्मवर इथला खर्च उचलतं, ती सोय खरंच चांगली आहे. पण त्याआधी खाजगी विमा, आणि साठीला आलेल्या डायबेटिसवाल्या माणसाला तो कितीला मिळतो किंवा मिळतो तरी का, हे भावाने आधी विचारून घ्यावं.

कंटाळा आला की परत. स्वतः नागरिक आहात तर परत येता येतंच, दाराशी कोणी अडवत नाही. पण इथे ज्याने स्पॅनिश किंवा कोलंबियन बायको केली त्याला तिला घेऊन ब्रिटनमध्ये जायचं असेल तर एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड कमाई दाखवावी लागते, आधी ती 18,600 होती. मुलं इथे वाढलेली असतील तर तिकडच्या युनिव्हर्सिटीत होम फी, म्हणजे तिथल्या लोकांसाठीची कमी फी, मिळायला साधारण तीन वर्षं आधी तिथे राहिलेलं असावं लागतं. आमच्यासारख्या जुन्यांना 2027 अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या कोर्सेसपुरती सूट आहे, आणि माझी धाकटी 2028 ला कॉलेजला जाईल. माझ्या घरात हा विषय सध्या रोज निघतो.

राहिला एक्सपॅट आणि इमिग्रंट हा शब्दांचा मुद्दा. यात मेसेज लिहिणाऱ्याची चीड मला समजते, लेस्टरला मीपण हे ऐकलंय, गोरा गेला तर एक्सपॅट आणि आपण गेलो तर इमिग्रंट, हा भेदभाव बोलण्यात आहेच. पण त्यावरून गोऱ्या माणसाला कागद वेगळे लागतात असं कुणी समजू नये. आमच्या सगळ्यांच्या खिशात जे कार्ड आहे त्यावर स्पॅनिशमध्ये ‘परक्या माणसाचं ओळखपत्र’ असंच छापलंय, माझ्या आणि यॉर्कशायरच्या आजोबांच्या कार्डावर तोच शब्द. नागरिकत्वाला लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला दोन वर्षं पुरतात, ब्रिटिशाला दहा लागतात, भारतीयालाही दहाच. या कार्डासाठी ठसे द्यायला मी गिऱ्हाइकांना घेऊन जाते तेव्हा अपॉइंटमेंटचा कागद हातात धरून बाकावर ओळीने बसलेले असतात, शेतात काम करणारे मोरोक्कन, युक्रेनच्या बायका, आणि त्यांच्यात माझे ब्रिटिश, फाईल मांडीवर, फोटो चुकीच्या साइजचा तर नाही ना या काळजीत. आत बोलावताना आडनाव ज्याचं त्याचं चुकीचंच उच्चारतात.

भावाला मी नुसतं ‘घर विकू नकोस’ एवढंच सांगून थांबले नाही. ते भाड्याने दे, नोकरी चालू ठेव, नॅशनल इन्शुरन्सची वर्षं भरत राहा, आणि फेब्रुवारीत महिनाभर आमच्याकडे येऊन राहा असं म्हटलं. वहिनीलापण आण. रजया जास्तीच्या आहेत, सिलिंडर मी भरून ठेवते, आणि एक शनिवार त्या चाव्यावाल्या बाईबरोबर तुम्हा दोघांना पाठवते, चादरी बदलायला तिला हात कमीच पडतात.