ओ बडोदेवाले, पाय काढा तिथनं!

बडोद्यातल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं सेफ्टीत काढली. वाटेतले पाइप उचलायला लावायचे, हेल्मेटवरून भांडायचं, यातच नोकरी सरली. त्यामुळे नोव्हेंबरात कोकणात हर्णैला मावसभावाच्या मासेमारी बोटीवर पहिल्यांदा चढलो तेव्हा अंगात थोडा तोरा होताच. दोन सिलिंडरची लहान बोट, तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस धरून पाच जण. जाळं सोडायची तयारी झाली आणि तांडेल माझ्यावर खेकसला, "ओ बडोदेवाले, पाय काढा तिथनं!"

खाली बघतो तर माझा उजवा पाय दोराच्या वेटोळ्यात, बरोब्बर मधोमध. जाळं पाण्यात जाऊ लागलं की तो दोर सरसर पळतो, वेटोळं आवळतं आणि कुणाला कळायच्या आत माणूस जाळ्याबरोबर खाली. जन्मभर दुसऱ्यांना "बघून पाय ठेवा" सांगणाऱ्याची ही तऱ्हा!

मग मी गुपचूप बसून बघत राहिलो. कारखान्यात साहेब येणार म्हटलं की फरशी पुसली जाते. इथे पुसापुशी बेताचीच, खवले तर माझ्या चहातही होते. पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. सुरी सुकाणूशेजारच्या खोबणीत, मूठ वर. दोर कशात गुंतला आणि कापायची वेळ आली तर अंधारातही हात नेमका तिथेच जातो. एका खलाशाने कांदा चिरून सुरी टोपातच ठेवली, त्यावर तांडेलाने जी शिवी हासडली ती मला मनापासून पटली.

तळातल्या पाण्यावरून मात्र मी वाद घातला. पंपाच्या तोंडाशी जाळ्याच्या चिंध्या आणि एक दुधाची पिशवी अडकलेली, पाणी घोट्यापर्यंत. "एवढ्याने काय होतंय?" होतं ना! पाणी जागचं हलतं. बोट कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलंडवतं. वर मासळीचे क्रेट उंच रचलेले, तेही डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकांना टेकवून. म्हणजे लाट आत आली की आतच.

आणि लाइफ जॅकेटं? होती की. पाचच्या पाच, कोऱ्या प्लास्टिकात, बर्फाच्या पेटीमागे, जुन्या जाळ्याखाली. इथे मात्र माझं डोकं फिरलं. मी बडोद्यातल्या हरणीपासून दहा मिनिटांवर राहतो. १८ जानेवारी २०२४ ला तिथल्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तेही तळ्यात.

भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, हे घाला आणि जाळं ओढून दाखवा." घातलं. पाच मिनिटांत घामाने निथळलो, बकल जाळ्यात अडकलं ते वेगळंच. त्याचं काही चुकत नव्हतं. जे घालून काम करता येत नाही ते कोणी घालणार नाही, मग दंड लावा नाहीतर भाषणं द्या. आमच्या खात्यातल्या लोकांना हे कधी कळलं नाही, मलाही नाही. पाण्यात पडल्यावर फुगणारी, पट्ट्यासारखी जॅकेटं मिळतात, त्यात हात मोकळे राहतात. पण महाग. लहान बोटवाल्याला अनुदान द्यायचंच तर यासाठी द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर निदान आहेत ती प्लास्टिकातून काढून हाताशी टांगा, आणि वारा वाढला की कंटाळा न करता चढवा. कोस्टगार्डचा १५५४ नंबर केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवा, फोनमध्ये शोधत बसायची ती वेळ नसते.

एवढं सगळं ऐकून भाऊ फक्त "बघू" म्हणाला. मी बडोद्याला परत आलो.

परवा त्याने फोटो पाठवला. केबिनच्या छपराखाली पाच खुंट्या, चारवर जॅकेटं. मी लगेच विचारलं, पाचवं कुठंय?

"धाकट्या खलाशाच्या अंगात. फोटो त्यानेच काढलाय."