ओळख होऊ न देता सेल ग्रुप चालवण्याची रीत

पाळकसाहेब, रविवारी उपासनेला इतकी माणसं येतात की दारात हात मिळवताना तुम्हाला निम्म्यांची नावं आठवत नाहीत. 'काय, बरं आहे ना?' एवढ्यावर सगळ्यांची बोळवण होते. यावर उपाय म्हणून सेल ग्रुप, म्हणजे घरोघरी जमणारे छोटे गट, काढायचं ठरलंय हे ऐकून आनंद झाला. फक्त एक धोका आधीच सांगून ठेवतो. दहा-बारा माणसं दर आठवड्याला एकाच खोलीत समोरासमोर बसली, तर ती एकमेकांना ओळखायला लागतात. एकदा हे खूळ पसरलं की आवरत नाही.

सुरुवात पवित्र शास्त्राच्या आधाराने करा. तो भरपूर आहे. निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, इस्राएलांचा पुढारी मोशे याला, बजावतो की एकट्याने सगळ्यांचे तंटे सोडवत बसलास तर थकून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. यातली उतरंड तेवढी उचला. सेल लीडर, त्याच्यावर झोन लीडर, त्याच्यावर समन्वयक, त्याच्यावर समिती आणि सगळ्यांवर तुम्ही. किरकोळ प्रकरणं खालच्या खाली मिटावीत हा इथ्रोचा हेतू होता. तुमच्याकडे मात्र शेवटचं गीत कोणतं घ्यायचं हेसुद्धा वर विचारायला आलं पाहिजे.

घर निवडताना हॉल मोठा बघा. नव्या करारातलं जोडपं प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला तंबू करून पोट भरत आणि मंडळी, म्हणजे चर्च, त्यांच्याच घरी जमे, हे खरं आहे. पण त्या काळी फोटो काढायचे नसत. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने 'आमच्याकडेही एकदा या ना' म्हटलं, तर 'नक्की, प्रार्थनेत ठेवू' म्हणा. ही विनंती तिथेच राहते.

लीडर नेमताना अनुभव पाहा, म्हणजे समितीतला. दक्षिण कोरियातल्या सोलच्या योईदो मंडळीचे पाळक योंग्गी चो १९६४ मध्ये कामाच्या ओझ्याने कोसळले. घरगुती गट चालवायला पुरुष पुढे येईनात, म्हणून त्यांनी ते काम स्त्रियांवर सोपवलं आणि मंडळी वाढून कुठल्या कुठे गेली. हे उदाहरण प्रशिक्षण वर्गात जरूर द्या. मंडळी केवढी झाली इथपर्यंतच द्या.

आता प्रत्यक्ष बैठक. लोकांना बोलायला मोकळा वेळ ठेवला तर ते बोलतात, म्हणून रविवारचाच संदेश पुन्हा ऐकवा. चर्चा हवीच असेल तर छापील प्रश्न द्या आणि खाली उत्तरही छापा. 'आपण शेजाऱ्यावर प्रीती करतो का?' 'होय, पण अजून करायला हवी.' पुढचा प्रश्न. कोणी पेंगत असेल तर पेंगू द्या. त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा पेंगणारा युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता. तुम्ही बैठक तळमजल्यावर ठेवली की झालं.

खरी परीक्षा प्रार्थना विनंत्यांच्या वेळी. परीक्षा, प्रवास, गुडघेदुखी इथवर ठीक चालतं. मग कोपऱ्यातली एक बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणते, 'यांचं काम सुटलंय. घरी कोणाशी बोलत नाहीत.' खोली गप्प होते. लीडरने इथे एक श्वासही वाया घालवू नये. 'प्रभू मार्ग काढील, ताई,' म्हणून लगेच गीत सुरू करावं, टाळ्यांचं असेल तर उत्तम. उरलेलं काम व्हॉट्सॲप करतं. रात्री हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि सकाळपर्यंत ही बातमी गटात नसलेल्यांनाही कळते, अर्थात 'फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय हं' या अटीवर.

या सगळ्याचा प्राण म्हणजे अहवाल. रकाने चारच: उपस्थिती, नवीन, दानार्पण, साक्ष (म्हणजे देवाने काय केलं याचा अनुभव). मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने इथेच घोळ घातला. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायला त्याच्या लोकांनी बारा-बारांचे गट पाडले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरवलं. वसुलीला घरोघर गेलेल्या माणसांना मात्र कुठे भांडण, कुठे दारू असं काय काय दिसलं आणि हिशोबाची व्यवस्था आत्म्यांची काळजी घ्यायला लागली. तुमची गाडी उलट दिशेने धावली पाहिजे. माणूस विचारपूस करायला जावा आणि आकडा घेऊन परत यावा.

इतकं करूनही काही गटांत मैत्री होतेच. अशा वेळी 'वाढ झाली' असं जाहीर करून गट फोडा. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवू नका, एखादे वेळी दोन मित्र एकत्रच राहायचे. यादी ऑफिसातून येऊ द्या.

वर्षाच्या शेवटी सगळ्या गटांचं संमेलन घ्या. क्रमांकाप्रमाणे रांगा, प्रत्येक गटाला साक्षीसाठी दोन मिनिटं, आणि स्टेजवर वाढीचा आलेख. चौदा नंबरची रांग रिकामी दिसली तर फोन लावा. एका सदस्याच्या आईचं ऑपरेशन आहे म्हणून सगळेच्या सगळे दवाखान्यात बसलेत, असं कळेल. लीडरला लेखी समज द्या आणि उपस्थितीच्या रकान्यात शून्य भरा.