प्रवेशाची बातमी होते, गळतीची होत नाही

जून ते ऑगस्ट मराठी वर्तमानपत्रं वाचली तर शिक्षण म्हणजे प्रवेश, एवढंच कळतं. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची, कितवी फेरी, कटऑफ कुठे थांबला, जात पडताळणीला मुदतवाढ मिळाली का, कोणाचा कोटा कोणी खाल्ला. सप्टेंबर लागला की विषय बंद. आत गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे निकालाच्या टक्केवारीपलीकडे कोणी विचारत नाही. आणि निकालात तरी परीक्षेला बसलेलीच मुलं येतात. मधेच गाव गाठलेली येत नाहीत.

अमेरिकेतही दाराशीच भांडण आहे. जून २०२३मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करायला मनाई केली. तेव्हापासून मोजक्या नामांकित विद्यापीठांच्या जागांवर रकानेच्या रकाने भरताहेत. गरीब घरातली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं मात्र मोठ्या संख्येने कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या स्वस्त सरकारी कॉलेजात जातात. मी न्यू जर्सीत अशाच एका कॉलेजात संध्याकाळी गणित शिकवतो. तिथे प्रवेशाची अडचण नाहीच, येईल त्याला घेतात. टिकण्याची आहे. सत्राच्या मध्यावर वर्ग विरळ होतो, आणि गेलेल्यांतले बरेच जण गणितात बरे असतात. कोणाची कामाची पाळी बदललेली असते, कोणाच्या घरी आजारपण निघालेलं असतं.

या गळतीवर इथे झालेलं एक काम महाराष्ट्रात माहीत असायला हवं. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात फी आणि सरकारी मदत यांतली उरलेली तफावत माफ, पुस्तकांना मदत, भुयारी रेल्वे-बसचा पास फुकट. बदल्यात पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला वरचेवर भेटायचं. हा सल्लागार इतरांपेक्षा खूपच कमी मुलं सांभाळतो, त्यामुळे कोण आला नाही हे त्याच्या लक्षात येतं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने याची चाचणी केली तेव्हा कार्यक्रमात कोण आणि बाहेर कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे हुशार मुलं वेचून घेतल्याचा आरोपच नको. तीन वर्षांनंतर कार्यक्रमातल्या ४० टक्के मुलांनी पदवी मिळवली होती, बाहेरच्या २२ टक्के. माणशी खर्च वाढला, पण एका पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. ‘तिकडे पैसा आहे हो’ म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाला दिसलं, की पदवीच्या जवळ आलेली मुलं किरकोळ थकबाकीपायी नावं कापली जाऊन बाहेर पडताहेत. त्यांनी २०११मध्ये ती थकबाकी स्वतःच भरायला घेतली. अर्जाची वाट न पाहता.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही, उलट योजना भरपूर आहेत. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फीमाफी २०२४पासून मिळाली. निर्णय चांगलाच आहे. पण ती माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. खोलीभाडं, मेस आणि एसटीचं भाडं वेगळं, आणि मुलगी घरी परतते ती बहुधा त्यापायी. त्यासाठी स्वाधार, स्वयं, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा सरकारी योजना आहेत. पण पैसे सत्र संपता संपता जमा होणार असतील तर नोव्हेंबरची मेस कोण भरणार? महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज ‘प्रलंबित’ दिसत राहतो आणि मुलाला फोन करून विचारणारं कोणी नसतं. माझा राग रकमेवर कमी आणि या न विचारण्यावर जास्त आहे.

न्यूयॉर्कने जे शोधून काढलं ते आपल्याला अनोळखी नव्हतंच. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवलं आणि कमवा आणि शिका रुजवलं. राहणं, जेवणं, काम आणि मुलगा दिसला नाही तर चौकशी करणारं माणूस, हे सगळं शिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आज वसतिगृहं समाजकल्याणकडे, फी उच्च शिक्षणाकडे, आणि मुलगा कोणाकडेच नाही.

आधी मोजायला तरी लागू. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने कॉलेजांना आपल्याकडे आलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोचले, हे जाहीर करावं लागतं. त्या आकड्यांत खोट आहे, अर्धवेळ शिकणारी मुलं त्यात बरीचशी निसटतात. पण पालक विचारू शकतात. भारतात एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीच्या फॉर्ममध्ये किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, हा रकाना आहे. भाग घेणारी कॉलेजं तो भरतातही. त्यात जातगटवार फोड नाही, आणि बातमी होते ती क्रमांकाची. उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण २०३५पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं नव्या शैक्षणिक धोरणात ठरलंय. किती जणांनी पदवी पुरी करावी, याचं असं गाजलेलं उद्दिष्ट माझ्या कानावर नाही. उलट एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. सोय म्हणून ठीक. पण पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन जाणारी मुलं कोणत्या घरांतली, हे मोजलं नाही तर गळतीलाच छापील कागद मिळेल.

म्हणून पुढच्या विधिमंडळ अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढंच विचारावं: २०२४मध्ये फीमाफी घेऊन आत गेलेल्या मुलींपैकी आज किती जणी वर्गात आहेत, जिल्हानिहाय आणि प्रवर्गनिहाय. उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवावं लागेल.