छोट्या बंदरासाठी निधी कसा मागावा

गोव्यातील एखादे छोटे बंदर चालवण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल आणि त्यासाठी राज्य सरकारच्या तिजोरीकडे आपण आशेने पाहत असाल, तर अर्जात गाळाचा उल्लेख चुकूनही करू नये. गाळ पाण्याखाली असतो, त्याच्या उपशाची फीत कापायला तिथे कोणी उतरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात नदी तो इमानेइतबारे परत आणून टाकते, म्हणजे खर्च झाल्याचा पुरावाही उरत नाही. त्यापेक्षा नवा धक्का मागावा, त्यावर वातानुकूलित प्रतीक्षागृह मागावे. धक्क्याला बोट लागण्याइतके पाणी आहे की नाही, हे पायाभरणीच्या दिवशी विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा, याचीही घाई नको. मुरगाव बंदर केंद्राचे. तेरेखोल, शापोरा, पणजी, बेतूल आणि तळपण ही लहान बंदरे राज्याच्या बंदर कप्तान खात्याकडे. राज्यघटनेने मोठी बंदरे केंद्राच्या सूचीत घातली आणि बाकीची समवर्ती सूचीत ठेवली, ही दूरदृष्टीच म्हणायची. कारण ज्या विषयावर कायदा दोघांनाही करता येतो, त्याचा खर्च दोघांनाही एकमेकांकडे ढकलता येतो. त्यात 2016 च्या कायद्याने मांडवी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 68 झाला, जुवारी 111 आणि कुंभारजुव्याचा कालवा 27. आता आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी रेती साचते आणि पावसाळ्यात ती वाट जहाजांना अवघड होते, ही रेती राष्ट्रीय समजायची की प्रादेशिक, एवढाच मुद्दा फाईलवर उपस्थित करावा. आर्थिक वर्ष आरामात निघून जाते.

उत्पन्नाचे काय, असे वित्त खाते विचारील. एके काळी खनिजाने भरलेल्या बार्जेस या नद्यांतून मुरगावकडे जात, आणि पावसाळ्यात आग्वादची वाट टाळून कुंभारजुव्यातून जुवारीत उतरत. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. या रडकथेत न शिरता वित्त अधिकाऱ्यांना सरळ मांडवीच्या काठी न्यावे आणि कॅसिनोची जहाजे दाखवावीत. ती नदीबाहेर हलवण्याची मुदत सरकार वर्षानुवर्षे वाढवत आले आहे, आणि बंदराच्या हिशेबाने याहून गुणी जहाज मिळणे कठीण. ते कुठून येत नाही, कुठे जात नाही, माल चढवत नाही. उतरवते ते फक्त गिऱ्हाइकाच्या खिशातले. सगळी जहाजे इतकी स्थितप्रज्ञ निघाली, तर बंदर चालवायला खर्च तो कसला?

टगबोट आणि बचावसामग्रीसाठी कायमची तरतूद मागणे हा तर शुद्ध उतावळेपणा. ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज जून 2000 मध्ये कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्यावर रुतले आणि पूर्णपणे हटायला सुमारे 12 वर्षे लागली. एवढ्या अवधीत किती अर्थसंकल्प मांडले जातात, याचा विचार करावा. तरतूद करायला अपघातानंतरही भरपूर सवड असते. ऑक्टोबर 2019 मध्ये नाफ्ता हे ज्वालाग्राही तेल भरलेले, आत एकही खलाशी नसलेले ‘नु-शी नलिनी’ दोनापावलाच्या खडकांवर येऊन अडकले, तेही राजभवनाच्या जवळ. सरकारचे लक्ष बंदराकडे वेधायला यापेक्षा मोक्याची जागा कोणत्याही सल्लागाराला सुचली नसती. (सल्लागार मात्र नेमावाच. त्याच्या अहवालाला निधी लगेच मिळतो, आणि अहवालात गाळ साचत नाही.)

आता उरला रोजचा किरकोळ खर्च. पगार निघतात, त्यांची चिंता नको. बोटीचे डिझेल, दोरखंड, बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) साखळ्या आणि दिवे यांची मागणी मात्र बंदराच्या नावाने कधीही पाठवू नये, कारण ती किरकोळ म्हणूनच नाकारली जाते. वाट दाखवणाऱ्या बोयांचे दिवे विझले असतील, तर ते पर्यटनाच्या नदीकाठ-रोषणाईच्या प्रस्तावात बेमालूम घुसवावेत. तो मार्चपूर्वी मंजूर होईल. रंग निवडण्याचा मान तेवढा आमदारसाहेबांकडे जाईल. तेव्हा समुद्रातून आत येताना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा लागतो, ही बाब त्यांच्या पक्षाचे रंग नीट पाहून घेतल्यावरच त्यांच्या कानावर घालावी.