‘इंपेराटोर’ फसलेलं जहाज नव्हतं

‘इंपेराटोर’ या जर्मन प्रवासी जहाजाबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय: कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, हट्टापायी बांधलेलं हे धूड कलंडायचं म्हणून वाया गेलं, पुढे इंग्रजांनी ते युद्धात पकडलं आणि अखेर तोल सांभाळेना म्हणून भंगारात काढलं. यातली तोलाची गोष्ट अर्धी खरी आहे, बाकी सगळं चूक.

आधी हट्टाचं बघू. २३ मे १९१२ रोजी जलावतरण कैसरच्या हस्ते झालं, पण कल्पना आणि हिशेब हॅम्बर्ग-अमेरिका लाइन या जहाज कंपनीचे प्रमुख आल्बर्ट बॉलीन यांचे. इंग्रजांची ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरिटेनिया’ ही जहाजं वेगात पुढे होती. त्या वेगाला कोळसा बेसुमार लागतो, म्हणून बॉलीननी भर दिला आकारावर आणि सुखसोयींवर. चार हजारांवर प्रवासी मावत. त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा स्वस्त तिकिटांच्या, अमेरिकेला निघालेल्या स्थलांतरितांसाठी. यात लहर कुठे आहे?

आता तोल. जून १९१३ मध्ये पहिली फेरी झाली आणि दोष लगेच दिसला. वरच्या मजल्यांवर संगमरवर आणि जड फर्निचर; जहाज एका अंगावर झुकायचं आणि सावकाश सावरायचं. मजकूर इथेच थांबतो, आणि मला राग येतो तो याचा. त्याच हिवाळ्यात जहाज हॅम्बर्गच्या गोदीत परत गेलं. धुराडी सुमारे तीन मीटरनी कापली, संगमरवर उतरवला, जड फर्निचर काढून वेताचं आणलं, तळाशी दोन हजार टन सिमेंट ओतलं. मार्च १९१४ मध्ये फेऱ्या पुन्हा सुरू! त्या बंद पाडल्या युद्धाने, तोलाने नव्हे.

लढाईत ते कुणीच पकडलं नाही. युद्धाची सगळी वर्षं ते एल्ब नदीवर नुसतं उभं होतं. शस्त्रसंधीनंतर दोस्तांकडे गेलं, १९१९ साली त्याने फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरातून अमेरिकी सैनिकांना घरी पोहोचवलं. मग जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या ‘लुसिटानिया’च्या भरपाईपोटी ते तिच्या मालक कंपनीला, इंग्रजांच्या कुनार्डला, मिळालं. तिथे ‘बेरेंगारिया’ या नावाने, कोळशाऐवजी तेलावर, ते बरीच वर्षं साउदॅम्प्टन–न्यूयॉर्क मार्गावर धावलं. कंपनीच्या सर्वांत मानाच्या जहाजाचा दर्जा त्याला होता.

राहिलं भंगार. मार्च १९३८ मध्ये न्यूयॉर्क बंदरात त्याला आग लागली. वायरिंग जुनं झालं होतं, अशा आगी आधीही लागल्या होत्या. अमेरिकी अधिकाऱ्यांनी प्रवासी घेऊ दिले नाहीत, जहाज रिकामंच परतलं आणि त्याच वर्षी मोडीत गेलं. पहिल्या फेरीला तेव्हा जवळपास पंचवीस वर्षं झाली होती.