गळणारा गॉगल पट्टा आवळून थांबत नसतो

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला. एक ग्रुप जळगावच्या सायकलवाल्यांचा, दुसरा धुळ्याच्या धावणाऱ्यांचा, आणि तिसरा आमच्या भाऊबंदांचा, ज्यात पोहणारा मी एकटाच. ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीला, पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी ‘पोहण्याचा गॉगल कधीच गळणार नाही’ असे हमखास उपाय त्यात दिलेत. गळत असेल तर पट्टा आवळा. महागडाच घ्या, तो गळत नाही. कडेला व्हॅसलीन लावा. काच काळीच हवी. धुकं धरलं तर आतून बोट फिरवा, नाहीतर टूथपेस्टने घासा. शर्यतीला नवाकोरा गॉगल काढा, सोबत एक जास्तीचा ठेवा. आणि तरी पाणी शिरलंच तर थांबू नका, थांबलात की बाद. शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

भाच्याने तो मला पाठवून विचारलं, “मामा, खरं आहे का हे?” फोनवर उत्तर देता देता अर्धा तास गेला. तेच आता सगळ्यांसाठी लिहितो.

आधी पट्टा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसला हा उपाय. पाणी अडवते ती काचेभोवतीची सिलिकॉनची मऊ कड. डोळ्याच्या खोबणीभोवती ती सगळीकडून सारखी टेकली की काम झालं. पट्ट्याने तिला फक्त जागेवर धरायचं असतं. आपण पोहतो पाण्याच्या वरच्या वीतभर थरात. तिथे पाण्याचा दाब असा कितीसा, आणि जो असतो तो गॉगलला चेहऱ्याकडेच ढकलतो. पट्टा खेचला की ओढ दोन्ही कानशिलांकडे जाते. बाहेरची बाजू कातडीत रुतते आणि नाकाजवळची कड उचलली जाते किंवा दुमडते. डब्याचं झाकण वाकडं बसलं असेल तर वरून कितीही दाबा, वरण पिशवीत सांडायचंच.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, डोळ्यात मीठ गेल्यावर शिकलो. गोव्यात अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन होती, समुद्रात पोहणं १.९ किलोमीटर. वाळूवर उभा असताना शेजारच्याने “टाइट कर, टाइट कर” म्हटलं आणि मी दोन घरं पट्टा ओढला. दुसरा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, यायच्या आत डावा डोळा भरला. उरलेलं अंतर एका डोळ्याने पोहलो आणि पुढच्या ९० किलोमीटर सायकलीवर तो डोळा चोळत बसलो. दोन्ही डोळ्यांभोवतीच्या कड्या संध्याकाळपर्यंत गेल्या नव्हत्या. बायको म्हणाली, घुबड दिसताय.

घरी आल्यावर तो गॉगल खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. डाव्या काचेच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, सिलिकॉनवर केसाएवढी पांढुरकी रेघ उमटली होती. कड तिथेच दुमडून बसत होती. कारण काय, तर दोन काचांमधली नाकावरची पट्टी माझ्या नाकाला एक माप मोठी. लहान मापाची पट्टी खरेदीच्या दिवसापासून डबीतच पडून होती, मी ती पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. ती बसवली, पट्टा सैल केला. तोच गॉगल, तोच चेहरा, थेंब नाही.

पट्टा किती घट्ट असावा? बोट सहज खाली सरकेल इतका. डोक्याच्या मागे जो उंचवटा असतो त्यावर तो बसावा. मानेकडे घसरला तर गॉगल खाली ओढला जातो आणि भुवईकडची कड उघडते. पट्टा दुपदरी असेल तर दोन्ही पदरांत दोन बोटांचं अंतर ठेवा. आणि आवळून डोकं दुखतं हा तुमचा भ्रम नाही. हेल्मेट किंवा गॉगलच्या बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय यादीत वेगळी नोंदलेली आहे. काचबिंदू असलेल्यांनी तर लहान कपाचा, खोबणीत घट्ट रुतणारा गॉगल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

आता ‘महागडा गळत नाही’ हे. जास्तीचे पैसे काचेवरच्या लेपाला, चमक कापणाऱ्या पोलराइज्ड काचेला, रुंद नजरेला जातात. तुमच्या गालाचं हाड आणि नाकाचा बांधा कंपनीला माहीत नसतो. स्वीडिश गॉगल म्हणून एक प्रकार आहे. त्याला मऊ कडच नसते, कडक प्लॅस्टिक सरळ हाडावर टेकतं आणि नाकावरची दोरी आपली आपण ओवायची. किमतीत अगदी साधा. तरी टँकमधले कसलेले स्पर्धक वर्षानुवर्षं तो लावतात. ज्याच्या खोबणीत तो बसतो त्याला गळत नाही, ज्याच्या बसत नाही त्याला पाच मिनिटं सहन होत नाही. इतकी सरळ गोष्ट आहे.

म्हणून किमतीची चिठ्ठी नंतर पाहा, आधी दुकानातच लावून पाहा. पट्टा डोक्यामागे न टाकता समोर लोंबत ठेवायचा, दोन्ही कप डोळ्यांवर ठेवून हलकं दाबायचं आणि हात सोडायचा. दोन-तीन सेकंद गॉगल तसाच चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. लगेच पडला तर कितीही नावाजलेला असो, परत ठेवा. चिकटलेला असतानाच भुवया वर करा आणि आ वासा. हे मुद्दाम सांगतो, कारण फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पडून आळीपाळीने हात मारताना, दर श्वासाला तोंड उघडतं आणि गाल खाली ओढला जातो. तोंड मिटून झकास बसणारा गॉगल तिथेच सुटतो. पापण्या काचेला लागत असतील तर तोही नको. जळगावच्या एका दुकानात मी हे करत होतो तेव्हा दुकानदार म्हणाला, “भाऊ, असं कोणी लावून नाही पाहत.” मी विचारलं, “मग गळतो म्हणून परत किती जण आणतात?” तो हसला आणि आणखी तीन डबे काउंटरवर ठेवले.

चोपड्याला किंवा शहाद्याला राहणाऱ्यांची अडचण कळते. दुकानात दोनच प्रकार, तेही लहान मुलांचे. मग ऑनलाइन मागवा, पण परत घेण्याची सोय असलेलेच, आणि नाकपट्ट्या बदलता येणारे. एकजीव नाकाचा गॉगल म्हणजे मापाशिवाय घेतलेली चप्पल.

चष्मेवाल्यांबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, आणि आमचा भाचा चष्मेवाला. नंबरचे गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून विहिरीत किंवा तलावात उतरू नका. तिथल्या पाण्यातले अमीबा लेन्सखाली अडकले की डोळ्याला होणारा संसर्ग फार वाईट असतो.

व्हॅसलीनवर वेळ घालवत नाही. चिकट कड कातडीवर धरते, तेलकट कड घसरते. वर ते काचेवर गेलं की पुढचा बोया चांदण्यासारखा पसरट दिसतो. सनस्क्रीनचंही तेच. खांद्याला, मानेला भरपूर लावा, डोळ्यांभोवतीची कडी कोरडी सोडा आणि हात धुऊन मगच गॉगलला हात लावा. एखादा केस किंवा टोपीची कड सिलिकॉनखाली आली तरी पाणी तिथूनच वाट काढतं.

काळी काच? आमच्यातले बरेच जण पोहायला शिकले विहिरीत आणि सरावही तिथेच करतात. विहिरीच्या काठावरून ऊन पाण्यापर्यंत उतरायला सकाळचे दहा वाजतात. तिथे काळी काच लावणं म्हणजे अमावास्येला उन्हाचा चष्मा. ढगाळ पहाट असेल, शर्यत तांबडं फुटताना सुरू होणार असेल, तर साधी पारदर्शक किंवा पिवळसर काच. उघड्या पाण्यावर सूर्य समोर येणार असेल तर गडद किंवा आरशासारखी. पाण्यावरून डोळ्यात येणारी चमक पोलराइज्ड काच चांगली कापते, तिथे पैसे वसूल होतात. मार्ग कुठल्या दिशेला जातो आणि तेव्हा सूर्य कुठे असेल हे आदल्या दिवशी काठावर उभं राहून पाहा, काच मग ठरवा.

धुकं धरतं ते डोळ्याजवळची गरम, दमट हवा गार काचेला लागून. नव्या गॉगलला आतून एक लेप असतो. त्यामुळे त्या ओलाव्याचे थेंब होत नाहीत, पातळ थर पसरतो आणि आरपार दिसत राहतं. बोट फिरवलं की तो लेप निघतो. टूथपेस्टमध्ये तर घासणारी पूड असते, लेपही जातो आणि काचेवर चरे पडतात. गंमत म्हणजे फॉरवर्डने थुंकीचं नाव टाळलंय आणि खरं चालतं तेच. थुंकी काचेवर नुसती फिरवा, पाण्याने खळबळून टाका. लाज वाटत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून तसंच. सुरुवातीची वाट पाहताना गॉगल कपाळावर चढवून बसू नका, घामाची वाफ आत भरते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. पारा पंचेचाळिशीला टेकला असेल तर बंद गाडीत काय होत असेल ते तुम्हीच समजा.

नवाकोरा गॉगल शर्यतीला काढायचा नाही. नवी चप्पल घालून सप्तशृंगीला पायी निघण्यासारखं ते आहे. निदान चार-पाच लांब पोहण्यांत तो तासभर डोळ्यावर राहिलेला असावा, कारण दहा मिनिटांत न टोचणारी कड चाळिसाव्या मिनिटाला टोचते. जास्तीचा सोबत ठेवा, हे मात्र फॉरवर्डने बरोबर सांगितलंय. फक्त तोही वापरलेला हवा. शर्यतीत मिळालेली टोपी घालायच्या आधी आपली एक पातळ टोपी घाला, तिच्यावर गॉगल आणि वरून त्यांची टोपी. पट्टा दोन टोप्यांमध्ये दबून राहतो. सुरुवातीच्या गर्दीत कोणाची टाच लागली तरी गॉगल तळाला जात नाही.

राहिलं ‘थांबलात की बाद’. हे साफ चूक आहे, आणि नवख्यांना घाबरवणारं आहे. ट्रायथलॉनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बोयाला किंवा उभ्या असलेल्या नावेला धरून दम घेता येतो. फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. पाणी शिरलं तर गर्दीतून कडेला व्हा, पाठीवर वळा, पाय हलते ठेवा. एका हाताने गॉगलची खालची कड अंगठ्याने जराशी उचला, पाणी आपोआप सांडतं. कड सोडा, तळव्याने दोन्ही कप हलकं दाबा, वळा आणि निघा. सरावाला पाय न टेकणारी विहीर यासाठी सर्वांत उत्तम, काठावर कोणीतरी पोहणारा बसलेला असला म्हणजे झालं. भाच्याला मी मुद्दाम गॉगलमध्ये पाणी भरून उतरवला. पहिल्या वेळी त्याने नाकातोंडात पाणी घेतलं आणि वर येऊन माझ्यावर ओरडला. सहाव्या वेळी “झालं मामा” म्हणून तो पुढच्या फेरीला गेलासुद्धा.