‘बऱ्यापैकी’ हे एकक नाही

परवा सिग्नलला क्लच दाबला, रेसवरून पाय काढला, आणि माझी गाडी किंचाळायला लागली. आरपीएमचा काटा चार हजारांवर जाऊन बसला. शेजारच्या स्कूटरवरच्या पोरानं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे, आणि हसून आपलीही रेस दोनदा पिळली. त्याला वाटलं, काकांना शर्यत लावायची आहे. काकांना फक्त घरी जायचं होतं.

बुटाचा पंजा पेडलखाली घालून ते वर उचललं. निमूट आलं, अगदी लुळं. इंजिनाचा ओरडा मात्र तसाच. शेवटी एक दणका देऊन दाबलं, तशी कुठेतरी ‘टक्’ झालं आणि आवाज उतरला. तोवर पोरगा पुढे निघून गेला होता. जिंकला.

गाडी १९९२ सालची, दोन दारांची, जमिनीपासून वीतभर उंच. तिच्यात बसायचं नसतं, उतरायचं असतं, विहिरीत उतरतात तसं. त्या काळच्या रीतीनं पेडलपासून इंजिनापर्यंत सरळ एक तार जाते. आताच्या गाड्यांत पेडलला सेन्सर असतो, तो संगणकाला कळवतो, मग मोटर इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. माझ्या गाडीत मधे कुणी नाही. पायानं तार ओढायची, तारेनं झडप उघडायची, आणि पाय काढला की झडपेवरच्या स्प्रिंगनं ती मिटायची. पेडल दाबायला घट्ट झालं होतं, आणि तो घट्टपणा तीनच ठिकाणी असू शकतो: पेडलचा सांधा, केबल, नाहीतर झडप. तीन संशयित. दोन वर्षं मला त्यांतला एक पकडता आला नव्हता.

झडप मी गेल्या महिन्यातच साफ केली होती. इंजिनातली तेलाची वाफ फिरून तिथे येते आणि कडेला तपकिरी चिकटा धरते. मग झडप आधी चिकटून बसते आणि सुटली की उडी मारते. फडकी काळी झाली, मला कृतकृत्य वाटलं, आणि पेडल होतं तेवढंच घट्ट राहिलं. गॅरेजवाल्याला विचारलं तर तो पान्हा पुसत म्हणाला, “जुनी गाडी आहे, असंच असणार.” दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही हेच म्हणाला, पण पैसे घेऊन.

तर परवा पार्किंगमध्ये पाठीवर आडवा झालो. डोकं स्टिअरिंगखाली, पाय सीटच्या पाठीवरून वर. बाहेरून फक्त बूट दिसत असणार, कारण आवाज आला, “कोण आहे आत?”

हे दुसऱ्या मजल्यावरचे काका. वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही.

“मी आहे काका. रेस घट्ट झालीये.”

“घट्ट म्हणजे किती?”

“म्हणजे... बऱ्यापैकी.”

“बऱ्यापैकी हे एकक नाही,” असं म्हणून ते निघून गेले. सुटलो म्हणून हायसं वाटलं. पाच मिनिटांत ते एक चपटी पेटी घेऊन परत आले. पेटीला आतून निळं मखमल, आणि मखमलीत झोपलेला पितळी तोंडाचा ताणकाटा. शाळेच्या प्रयोगशाळेनंतर मी तो थेट आताच पाहत होतो, तोही उलटा.

“आधी शून्य दाखवतोय का बघा.”

“दाखवतोय.”

“तिरकं बघून सांगू नका. डोळा काट्याच्या समोर आणा.”

माझा डोळा तेव्हा हीटरच्या नळीसमोर होता. मान मोडून तो काट्यासमोर आणला. पेडलच्या दांड्याचं वरचं टोक, जिथे केबल अडकवलेली असते, तिथे ताणकाट्याचा हूक लावून ओढायला लागलो. साडेआठ किलोला दांडा हलला. काकांनी वहीत लिहिलं. “आणखी दोनदा. एका मोजणीवर आम्ही कधी कुणाचा काटा जप्त केला नाही.” तीन वेळा ओढलं. दरम्यान तळमजल्यावरच्या वहिनी कचरा टाकायला आल्या, थांबल्या, आणि “काय झालं?” असं मला न विचारता काकांना विचारलं. काका म्हणाले, “तपासणी चालू आहे.”

मग त्यांनीच फर्मावलं: एकेक सुटं करून मोजा. मला राग आला तो याचाच, कारण हे मला दोन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. बॉनेट उघडून केबल झडपेकडून सोडवली. झडप एकटी ओढली: पाच किलो, तिन्ही वेळा पाच, काटा लोण्यातून सरकावा तसा सरकला. पुन्हा विहिरीत उतरलो. आता केबलच्या पलीकडे काहीच नाही, तरी ती ओढायला साडेतीन किलो लागले. शेवटी पेडलकडूनही केबल काढली. एकटं पेडल बोटानं झुललं, काटा जागचा हलला नाही.

“पाच आणि साडेतीन?”

“साडेआठ.”

“बेरीज जुळते!” काका इतक्या मोठ्यानं म्हणाले की वहिनी परत आल्या.

केबलच्या मार्गावर बोट फिरवत गेलो. इंजिनामागे, जिथे नजर पोचत नाही, तिथे ती हीटरच्या नळीला प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधली होती. मोठ्या वळणानं जायची, ती काटकोनात मोडली होती. त्या मोडीपाशी आतलं गुळगुळीत अस्तर घासून गेलं होतं आणि तार उघड्या पोलादावर खरवडत होती. वरून कुणीतरी तेलही ओतलेलं. अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल घातलं की धूळ धरते, आणि धूळ अधिक तेल म्हणजे पॉलिशपेपरचं लोणचं.

पट्टी पांढरीशुभ्र होती, कोरी. तीस वर्षं उलटलेल्या त्या गाडीत तेवढी एकच वस्तू नवी. दोन वर्षांपूर्वी हीटरची नळी बदलायला मी गाडी कुणाकडे दिली होती ते मला पक्कं आठवतं. आणि “जुनी गाडी आहे” असं मला कोण म्हणालं, तेही. स्वतःच गाठ मारायची आणि वय गाडीचं काढायचं! उद्या ब्रेक लागले नाहीत, तरी हा माणूस मला जन्मतारीखच विचारेल.

नवी केबल काल बसवली, वळण मोठं ठेवून, टोकाला किंचित ढिलाई ठेवून, म्हणजे झडप पूर्ण मिटते. काका काटा घेऊन हजर होतेच. सव्वापाच किलो. त्यांनी वहीत लिहून खाली रेघ मारली. वहिनींना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दोष त्यांनी शोधला. मी काही बोललो नाही. खरंच होतं, हीच तर पंचाईत.

“अर्थात,” पेटी बंद करताना ते म्हणाले, “या काट्याच्या पडताळणीची मुदत संपलेली आहे. हे आकडे कोर्टात चालणार नाहीत.”

मग त्यांनी जुनी केबल मागितली. मी दिली. छोट्या काट्यावर टांगून त्यांनी ती मोजली, म्हणाले, “एकशे चाळीस ग्रॅम, कव्हरसकट,” आणि घरी घेऊन गेले. कशाला, ते मी विचारलं नाही.